लालबागेत शिरायचं कुठून? इंदूरच्या एका सहलीचं प्रकरण

इंदूरच्या एका मराठी मंडळाने नाताळच्या सुट्टीत लालबाग पॅलेसची, म्हणजे होळकरांच्या नदीकाठच्या महालाची, सहल ठरवली आणि ती नीट घडवून आणायचं काम माझ्याकडे आलं. माणसं तीसेक. निम्मी सत्तरीच्या आसपासची, पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात राहिलेली. बाकीची त्यांची मुलं-नातवंडं, पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेली. वेळ दुपारी तीन ते साडेपाच. मंडळाच्या कार्यवाह ताईंनी तीनच अटी घातल्या. वडीलधाऱ्यांचे गुडघे जपायचे. मुलांचे मोबाइल खिशात राहिले पाहिजेत. आणि परत येताना कुणी 'पण बाग कुठे होती?' असं विचारता कामा नये.

तिसरी अट सगळ्यांत अवघड होती. लालबाग हे नाव बागेचं, पण लोक बघून येतात त्या महालाच्या खोल्या. झुंबरं, गालिचे, छतावरची चित्रं, पेंढा भरलेले वाघ, फोटो आणि घरी. सुमारे २८ हेक्टर जागेतला महालापुरता तुकडा पाहिला जातो आणि उरलेल्या मोकळ्या विस्ताराला लोक 'तिथे पूर्वी बाग होती' म्हणून मागे टाकतात. जुन्या संस्थानी वास्तूंच्या बाबतीत हे सगळीकडेच घडतं, पण लालबागेत त्याचं नुकसान जास्त होतं, कारण या वास्तूचं जे काही चमत्कारिक आहे ते भिंतींच्या आत कमी आणि बाहेर जास्त आहे.

त्यात मुलांनी आपली माहिती आधीच गोळा करून आणली होती. लालबागेत भुयार आहे. ते थेट गावातल्या जुन्या राजवाड्यात निघतं. एकाच्या मते ते महेश्वरपर्यंत जातं. आत खजिना आहे आणि रात्री कुणीतरी रडतं. यातलं पहिलं वाक्य खरं आहे, आणि म्हणूनच बाकीच्यांना हात घालणं नाजूक होतं.

ठरवायचं काय होतं

समोर तीन रस्ते होते. एक, नेहमीचा: तिकीट काढा, खोल्या बघा, उरलेल्या वेळात हिरवळीवर बसा. दुसरा रस्ता मंडळातल्याच एका उत्साही गृहस्थांनी सुचवला. मुलांना भुयाराच्या आणि खजिन्याच्या गोष्टी रंगवून सांगाव्यात, म्हणजे ती गुंतून राहतील. तिसरा माझा: महालात शेवटी शिरायचं. आधी फाटक, मग लांबचा रस्ता, मग नदीचा काठ, आणि जेवण ज्या बाजूने महालात यायचं त्या बाजूने आपणही आत यायचं.

तिसऱ्या रस्त्यामागचं कारण असं. बाग म्हणजे झाडं आणि फुलं, असं आपण धरून चालतो. एवढ्या मोठ्या घराभोवतीच्या बागेचं पहिलं काम मात्र वेगळं असतं. ती अंतर राखते. शहर महालापासून लांब ठेवते, धूर जेवणघरापासून, राबणारे हात पाहुण्यांच्या नजरेपासून. जे लांब ठेवलं ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याच्याभोवती कथा जमतात. लालबागेचं गूढ तिथल्या कामाच्या रचनेतून आलेलं आहे, असं माझं मत आहे. ही रचना दाखवली तर गूढ उलट वाढतं, कारण मग प्रश्न नेमके पडायला लागतात.

ताईंनी मान्य केलं, पण एक बजावून: "खोल्या राहिल्या तर आजी मंडळी मला सोडणार नाहीत."

राजवाडा आणि लालबाग

निघण्याआधी मंडळाच्या हॉलमध्ये पंधरा मिनिटं बसून एवढीच एक तुलना सांगितली, आणि तिचा दिवसभर उपयोग झाला. मल्हारराव होळकरांनी अठराव्या शतकात सुरू केलेला राजवाडा भर बाजारात उभा आहे. सात मजले, खालचे दगडी, वरचे लाकडी, समोर चौक, पाठीशी सराफा. राजवाड्याचा दरवाजा उघडला की गाव समोर. तो अनेकदा जळला, शेवटचा १९८४ मध्ये, आणि पुन्हा उभा केला गेला. कारण तो गावाचा चेहरा आहे.

लालबाग याच्या अगदी उलट. शहराच्या नैऋत्येला, खान नदीच्या काठी, गावाकडे पाठ करून. बांधकाम १८८६ ते १९२१ असं तीन टप्प्यांत चाललं. दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात कल्पना रुजली, शिवाजीरावांच्या काळात काम पुढे सरकलं आणि तिसऱ्या तुकोजीरावांनी ते पुरं केलं. पस्तीस वर्षं आणि तीन राज्यकर्ते, त्यामुळे घराची आवडही एक राहिली नाही. आत बरोक आणि रोकोको थाटाचं जेवणघर आहे, इंग्लिश वळणाचं ग्रंथालय आहे, रेनेसाँ पद्धतीची बैठक आहे आणि पॅलाडियन धर्तीचं राणीचं शयनगृह आहे. म्हणजे एकाच छपराखाली युरोपची तीनेकशे वर्षं. वाड्यात वाढलेल्या घराण्याने हे सगळं नदीकाठी का मांडलं, हा प्रश्न सोबत घेऊनच आम्ही निघालो.

फाटक

लालबागेचं मोठं लोखंडी फाटक लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकावरून बेतलेलं आहे. ते इंग्लंडमध्ये ओतून घेतलं, जहाजाने मुंबईला आणलं आणि तिथून इंदूरपर्यंत पोचवलं. वर होळकरांचं राजचिन्ह आहे आणि प्रयत्न करणाऱ्याला यश मिळतं अशा अर्थाचं त्यांचं बोधवाक्य. बहुतेक गाड्या या फाटकापाशी क्षणभर मंदावतात आणि पुढे जातात. आम्ही तिथे थांबलो.

एका आजींनी सांगितलं, "आमच्या लहानपणी इथवर यायचं म्हणजे आईला विचारून. आत जायची तर पद्धतच नव्हती. बाबा म्हणायचे, तिथे महाराज राहून राहिले, तुमचं काय काम?" इंदुरी मराठीतलं ते 'राहून राहिले' ऐकून पुण्याची मुलं हसली, पण वाक्य त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. तिसरे तुकोजीराव १९२६ मध्ये गादीवरून पायउतार झाले तरी हे घर १९७८ पर्यंत, म्हणजे त्यांच्या निधनापर्यंत त्यांचंच होतं. आजींचं बालपण त्या काळातलं. फाटकाच्या बाहेर उभं राहणं म्हणजे काय, हे मला सांगावं लागलं नाही.

मुंबईहून आलेल्या एका काकांनी तिथेच विचारलं, "पायउतार का झाले?" हे टाळण्यासारखं नाही. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्याच्यासोबत असलेली मुमताज बेगम पूर्वी इंदूर दरबारात होती आणि तिथून निघून गेली होती. हल्लेखोरांचे धागे इंदूरपर्यंत पोचले. ब्रिटिश सरकारने चौकशी किंवा पदत्याग असे दोन पर्याय ठेवले आणि महाराजांनी पदत्याग निवडला. मोठ्यांना तपशील ठाऊक होता, मुलांना एवढं पुरलं. खजिन्याच्या गोष्टीपेक्षा हे कितीतरी जड आहे, आणि ते सांगताना आवाज चढवावा लागत नाही.

फाटकापासून महालापर्यंतचं अंतर वडीलधाऱ्यांना पेलणारं नव्हतं. त्यांच्यासाठी आधीच ई-रिक्षा सांगून ठेवल्या होत्या. मुलं आणि चालू शकणारे पायी निघाले. मुद्दाम, कारण तेवढं चालल्याशिवाय हे अंतर कळत नाही. वाटेत व्हिक्टोरिया राणीचा पुतळा लागतो. बागेत राणी, महालात ग्रीक पुराणांतली चित्रं आणि फाटकावर होळकरांचं चिन्ह. या तिघांना एका ओळीत बघायचं असेल तर पायीच यावं लागतं.

नदीपलीकडचं स्वयंपाकघर

आता ज्यासाठी हा सगळा क्रम लावला होता ती जागा. लालबागेचं मूळ स्वयंपाकघर महालात नव्हतं. ते खान नदीच्या पलीकडच्या काठावर होतं आणि महालाशी एका प्रकाशाची सोय असलेल्या भुयाराने जोडलेलं होतं. पानं मांडायची इकडे, चूल पेटायची तिकडे, आणि अन्न यायचं जमिनीखालून.

हे ऐकल्यावर सगळ्यांत आधी आजी मंडळीच बोलल्या. "पोळी गार नाही व्हायची?" दुसऱ्या म्हणाल्या, "आणि आमटी सांडत असेल." हाच खरा प्रश्न. राजघराण्याबद्दल भारावून बोलण्यापेक्षा पोळी गार होते का हे विचारलं की घर कसं चालत होतं ते उलगडायला लागतं.

आम्ही एक छोटा प्रयोग ठरवला होता. दोन मुलांच्या हातात ताट, त्यावर काठोकाठ भरलेले चार पेले. नदीच्या बाजूपासून महालाच्या पायऱ्यांपर्यंत न सांडता जायचं, आणि वाटेत एक शब्द बोलायचा नाही. बाकीच्यांनी पाहुणे व्हायचं आणि त्यांच्याकडे बघायचं नाही. मुलं निघाली. पहिल्या मिनिटातच हसणं थांबलं. हात भरून आले. एका पेल्यातलं पाणी सांडलं आणि त्या मुलाने घाबरून मागे पाहिलं. पोचल्यावर पुण्याची अकरा वर्षांची मुलगी म्हणाली, "आम्ही पाणी आणलं. त्यांना आख्खं जेवण आणायला लागायचं, आणि परत खरकटंही न्यायला लागायचं." तोवर खरकट्याचा विचार मोठ्यांपैकीही कुणी केला नव्हता.

एवढा खटाटोप का? वसाहतकाळातल्या बंगल्यांत स्वयंपाकघर मुख्य घरापासून वेगळं ठेवायची रीत सर्रास होती. लाकडा-कोळशाचा धूर, आगीची भीती, माश्या, फोडणीचा वास आणि स्वयंपाकाची गडबड ही त्याची कारणं. साहेबाच्या बंगल्यामागे अंगणापलीकडे बावर्चीखाना असायचा. लालबागेत तीच रीत ताणून नदीपलीकडे नेली गेली. राजवाड्याच्या वस्तीत माणसं स्वयंपाकाच्या वासात जगत होती. लालबागेतल्या पाहुण्याला अन्न कुठून आलं हे कळूच नये, अशी योजना झाली. मला लालबागेतली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. गालिचे आणि झुंबरं कुठल्याही संस्थानात मिळतील.

भुयार कुठवर जातं

भुयारात उतरता येईल असं धरून मी सहल आखली नव्हती, आणि कुणीही आखू नये. जुनी तळघरं आणि बोगदे सुरक्षिततेसाठी बंद ठेवले जातात, हे योग्यच आहे. पण न उतरताही त्याच्याबद्दल बरंच काही समजून घेता येतं, आणि त्याचं श्रेय पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झालेल्या एका काकांना.

मुलांनी त्यांना घेरलं होतं. राजवाड्यापर्यंत जातं ना? महेश्वर? काकांनी 'नाही' म्हटलं नाही. त्यांनी जमिनीवर काडीने रेघ ओढली आणि हिशेब मांडला. इथून राजवाडा, समजा अडीच किलोमीटर. माणूस वाकून न चालता जाईल असं भुयार हवं तर दोन मीटर रुंद, दोन मीटर उंच. म्हणजे दहा हजार घनमीटर दगड-माती बाहेर काढावी लागेल. माळव्यात वर काळी माती आणि खाली काळा बेसाल्ट. तो फोडायचा तर सुरुंग लावावे लागतील. बैलगाडीत अर्धा घनमीटर माल बसला तरी वीस हजार गाड्या. "वीस हजार गाड्या गावातून गेल्या आणि कुणाच्या आजोबांना दिसल्या नाहीत? आणि तो दगड टाकला कुठे? तेवढ्या दगडाची टेकडी होईल. दाखवा मला ती टेकडी."

मुलं शांत झाली, मग एकाने विचारलं, "मग नदीखालचं कसं केलं?" आता प्रश्न बरोबर जागी आला होता. काकांचा चेहरा खुलला. नदीखालून जायचं म्हणजे वरून पाण्याचा भार, बाजूने पाझर. भिंतींना पक्का चुना किंवा सिमेंट हवं. तळाला उतार हवा, म्हणजे आत आलेलं पाणी एका खड्ड्यात जमेल आणि उपसता येईल. हवा खेळायला झरोके हवेत, नाहीतर मशाली धुराने कोंडतील आणि माणसंही. पावसाळ्यात नदी चढली की तोंडाशी पाणी शिरू नये म्हणून दोन्ही टोकं उंच हवीत. "एवढंसं भुयार चालवणं म्हणजे रोजची राखण. कुणीतरी फक्त ते कोरडं ठेवायला नेमलेला असणार." काकांचं हे अनुमान होतं, आणि त्यांनी ते अनुमान म्हणूनच सांगितलं. पण त्या नेमलेल्या माणसाचा विचार मुलांनी दिवसभर सोडला नाही. त्याला कुठे बसवायचे, तो काय जेवायचा, त्याला महाराज कधी दिसले का.

महेश्वराचा दावा एका आजोबांनी निकालात काढला. नव्वद किलोमीटर, आणि मध्ये विंध्याचा घाट उतरून निमाडात जायचं. "अहिल्याबाईंना तिकडे जायचं असतं तर त्या घाटानेच गेल्या असत्या, आणि गेल्याच." शिवाय अहिल्याबाईंचा काळ लालबागेच्या शंभर वर्षं आधीचा.

मंडळातल्या त्या उत्साही गृहस्थांशी माझा वाद इथेच झाला. त्यांचं म्हणणं, मुलांच्या कल्पनेला हिशेबाने कात्री लावू नये. मला दिसलं ते उलट. खजिन्याच्या गोष्टीत मुलांना विचारायला काही नव्हतं, फक्त ऐकायचं होतं. दगडाच्या हिशेबानंतर ती विचारत सुटली. दंतकथा सांगूच नये असं मी म्हणत नाही. ती कोण सांगतं, कधीपासून सांगतं आणि तिच्यात भीती कशाची आहे हेही सोबत सांगावं. राजवाड्यात निघणाऱ्या भुयाराच्या कथेत एक इच्छा दडलेली आहे: गावापासून तुटलेलं हे घर गुपचूप का होईना, गावाशी जोडलेलं असावं. हे मुलांना सांगायचं की नाही यावर आमचं अजूनही एकमत नाही.

बाग, तीही माळव्यातली

नदीकाठावरून महालाकडे पाठ करून उभं राहा, असं मी सगळ्यांना सांगितलं. या एका गोष्टीने बरंच साधलं. महाल नजरेआड झाला की मोकळी जमीन दिसायला लागते. आज त्यातला बराच भाग मैदान म्हणून वापरात आहे, मालवा उत्सवासारखे मेळे इथे भरतात. सरळ रेषांचे रस्ते, कडेची जुनी झाडं, मधले उघडे तुकडे. युरोपीय धर्तीच्या आखीव बागेचा सांगाडा अजून ओळखता येतो, फक्त त्यावरचं मांस गेलेलं आहे.

माळव्याच्या काळ्या मातीत अशी आखीव बाग टिकवणं हे कष्टाचं काम. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. फरसबंदी उचलली जाते, कडा वाकड्या होतात, हौदांच्या भिंतींना तडे जातात. दरवर्षी डागडुजी करणारे हात होते तोवर रेषा सरळ राहिल्या. हात कमी झाले आणि माती आपल्या मनाने वागू लागली. ओसाड दिसणाऱ्या जुन्या बागांचं कारण बहुतेक वेळा शाप-बिप नसतं, माळ्यांच्या पगाराची नोंद थांबलेली असते.

इंदूरच्या नद्या आणि बागा यांचा फार गांभीर्याने विचार एका परक्या माणसाने केला, हे या ठिकाणी सांगितलंच पाहिजे. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस यांना होळकर दरबाराने नगररचनेसाठी बोलावलं आणि १९१८ मध्ये त्यांचा इंदूरवरचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. म्हणजे लालबागेचं बांधकाम संपत आलं असतानाच. प्लेगने गाव हैराण होतं. गेडिस यांनी दिवाळीच्या सुमारास एका दिवसापुरतं 'महाराज' व्हायची परवानगी मागितली आणि मोठी मिरवणूक काढली. ज्या रस्त्यावरची घरं सगळ्यांत स्वच्छ आणि नीटनेटकी, त्या रस्त्याने मिरवणूक जाणार अशी दवंडी होती. लोकांनी घरं झाडली, रंगवली, कचऱ्याच्या गाड्या भरभरून बाहेर काढल्या. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता आणि प्लेगचा उंदीरही. २०१७ पासून देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून मिरवणाऱ्या इंदूरबद्दल मुलांना हे ठाऊक नव्हतं, इथेच राहिलेल्या त्यांच्या आजोबांनाही नव्हतं. खान नदीकडे बघतच मी ते सांगितलं, कारण त्या नदीची आजची अवस्था समोरच होती.

आत

शेवटचा पाऊण तास महालाला मिळाला. नाचाच्या दालनाची लाकडी जमीन स्प्रिंगांवर बसवलेली आहे, म्हणजे नाचणाऱ्यांच्या पायांना उसळी मिळावी. उडी मारायची नाही हे आधीच ठरलं होतं, आणि मुलांनी पाळलं. नदीकाठावरून आल्यामुळे जेवणघरात लोकांनी छताआधी दारं बघितली: अन्न कुठल्या दाराने येत असेल? एका आजींनी टेबलापासून दारापर्यंतची पावलं मोजली. त्या वेळी मला खात्री पटली की क्रम योग्य लागला होता.

ग्रंथालयाला मात्र वेळ उरला नाही. घाईने बघून पुढे सरकावं लागलं आणि दोन निवृत्त प्राध्यापक नाराज झाले. त्यांचं म्हणणं रास्त आहे.

माणिकबागेतलं न बांधलेलं मंदिर

बाहेर हिरवळीवर बसून चहा झाला, आणि मुलांना अजून एक भुयार सांगितलं. हे अस्तित्वातच नाही.

तिसऱ्या तुकोजीरावांचे चिरंजीव यशवंतराव यांनी वडिलांच्या लालबागेपेक्षा सर्वस्वी वेगळं घर बांधलं. माणिकबाग, १९३० ते १९३३. वास्तुकार जर्मनीचे एकार्ट मुथेसियस, वयाने तिशीच्या आत. झुंबरं नाहीत, नक्षी नाही. काच, धातू, सरळ रेषा, वातानुकूलन. साहित्य जर्मनीहून जहाजाने आलं. खुर्च्या-पलंग त्या काळच्या युरोपातल्या सर्वांत नव्या विचाराच्या कारागिरांचे. आज तिथे केंद्रीय कर खात्याचं कार्यालय आहे आणि सामान जगभर पांगलं. १९८० मध्ये मोनॅकोत त्याचा मोठा लिलाव झाला.

या माणिकबागेच्या आवारात शिल्पकार कॉन्स्टांटिन ब्रांकुशी यांच्याकडून ध्यानमंदिर बांधून घ्यायचं यशवंतरावांच्या मनात होतं. ब्रांकुशींचे तीन 'पक्षी' त्यांनी घेतले होते: एक पितळी झळाळीच्या ब्राँझचा, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या. कल्पना अशी की खिडक्या नसलेली खोली, आत चौकोनी जलाशय, भोवती पक्षी, आणि छतातल्या छिद्रातून ठरावीक वेळी ऊन सोनेरी पक्ष्यावर पडेल. आत जायची वाट जमिनीखालून. एका वेळी एकच माणूस.

१९३७ मध्ये यशवंतरावांच्या पत्नी महाराणी संयोगिताराजे अगदी तरुण वयात स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात ब्रांकुशी खरोखर इंदूरला येऊन राहिले, पण काम सुरूच झालं नाही. पक्षीही इंदुरात नाहीत. दोन संगमरवरी ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत, ब्राँझचा कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथे.

मुलांनी न सांगता काड्या उचलल्या आणि मातीत मंदिर काढायला घेतलं. जलाशय मधे की कडेला, यावर भांडण. छिद्र किती मोठं? ऊन कुठल्या महिन्यात कुठे पडेल? काकांना पुन्हा बोलावणं आलं. एका मुलाने बरोबर हेरलं की लालबागेतलं भुयार अन्नासाठी होतं आणि हे एकट्या माणसासाठी. वडिलांच्या घरात जमिनीखाली नोकर चालायचे, मुलाच्या स्वप्नात तिथून महाराज स्वतः जाणार होते. एवढं अंतर एका पिढीत पडलं. हे मी सांगणारच होतो, पण त्याने आधी म्हटलं आणि माझ्यापेक्षा कमी शब्दांत.

नंतरचे हिशेब

मंडळाच्या बैठकीत जे बोलणं झालं ते असं. ई-रिक्षांचा खर्च सत्कारणी लागला. नदीकाठी बसायला काही नव्हतं, त्यामुळे काकांचा हिशेब चालू असताना निम्मे वडीलधारे झाडाला टेकून उभे होते. पुढे घडीच्या खुर्च्या न्याव्या लागतील. नदीचा वास दोघा-तिघांना सोसला नाही. त्यावर उपाय नाही, आणि तो झाकावा असंही मला वाटत नाही. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे साडेतीन तासांची सहल करायची तर दोनला निघावं लागेल, आणि दोनला निघायचं तर दुपारची झोप सोडायला आजोबांची तयारी हवी.

ताईंची तिसरी अट पुरी झाली. बाग कुठे होती असं कुणी विचारलं नाही. एका मुलाने मात्र घरी जाऊन वहीत खजिन्याचीच गोष्ट लिहिली, असं त्याच्या आईने कळवलं. त्यात वीस हजार बैलगाड्या आहेत आणि भुयार कोरडं ठेवणारा एक माणूस आहे.

पुढची खेप उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, होळीच्या आसपास ठरते आहे. ग्रंथालयाला अर्धा तास राखून ठेवला आहे आणि दोन्ही प्राध्यापकांनी तिथे बोलायचं कबूल केलं आहे. माणिकबागेच्या आवारात सुट्टीच्या दिवशी जाऊ द्यावं म्हणून पत्र पाठवायचं आहे. मसुदा तयार आहे, सही कुणाची घ्यायची ते ताई रविवारी ठरवतील.